कलोनमधली खोटी कोंडी : नकाशावरून उभारलेल्या एका वाहतूक-प्रतिमानाचे प्रकरण

संगणकात उभारलेल्या कलोन या जर्मन शहरात सकाळी गाड्या घराबाहेर पडू लागल्या आणि रस्त्यांवर साचत गेल्या. कोणत्याही मोठ्या शहरात सकाळची गर्दी वाढते, काही काळ टिकते आणि शाळा-कचेऱ्या सुरू झाल्या की ओसरते; या शहरात मात्र ती ओसरायला तयार नव्हती. जितक्या गाड्या मुक्कामी पोहोचत होत्या त्याहून अधिक नव्याने रस्त्यावर येत होत्या, एकामागून एक चौक अडत होते आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा आकडा चढतच राहत होता. खरे तर या प्रतिमानासाठी (म्हणजे संगणकातल्या या नकली शहरासाठी) घेतलेला रस्त्यांचा नकाशा खऱ्या शहराचा होता, सॉफ्टवेअर या क्षेत्रात मुरलेले होते आणि कोण, कुठून, कुठे, किती वाजता जाणार याची यादी हजारो कुटुंबांच्या दैनंदिन नोंदींवरून तयार केलेली होती. हे तिन्ही घटक आपापल्या जागी चांगले असताना ते एकत्र आल्यावर असे शहर का निर्माण झाले, हा या प्रकरणाचा विषय आहे.

हे काम ल्यों आणि बार्सेलोना येथील संशोधकांच्या गटाने केले. संदेश उप्पूर, ऑस्कर त्रुयोल्स-क्रूसेस, मार्को फिओरे आणि होसे बार्सेलो-ओर्दिनास यांनी ते २०१४ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केले. यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, या मंडळींचा मूळ विषय वाहतूक नियोजन नव्हता. धावत्या गाड्यांनी एकमेकींशी बिनतारी संपर्क साधला तर तो कितपत टिकेल, हे त्यांना तपासायचे होते. त्यासाठी एका संपूर्ण महानगरातल्या गाड्या दिवसाचे २४ तास, सेकंदागणिक कुठे असतात याची नोंद हवी होती. अशी नोंद खऱ्या गाड्यांवरून मिळवणे अशक्यप्राय होते, म्हणून ती संगणकात घडवायची असे ठरले आणि त्यासाठी कलोन निवडले गेले.

तापात कपाळावर ठेवायच्या कोलनवॉटरच्या घड्यांमुळे या शहराचे नाव आपल्याकडे घरोघर पोहोचले आहे. जर्मन लोक त्याचा उच्चार क्योल्न असा करतात. निवड मात्र नावाच्या ओळखीमुळे झाली नव्हती. या शहरासाठी प्रवासाच्या मागणीची तपशीलवार यादी आधीच तयार होती आणि शहराचा मुक्त नकाशाही बऱ्यापैकी भरलेला होता.

शहराची घडण

कलोनला नगराचा दर्जा इ. स. ५० मध्ये रोमन साम्राज्याने दिला. त्या काळातला उत्तर-दक्षिण मुख्य रस्ता आजही होहे श्ट्रासे या बाजाररस्त्याच्या रूपाने टिकून आहे, पण तिथे आता फक्त पायी जाता येते. मध्ययुगात शहराभोवती ऱ्हाइन नदीच्या डाव्या काठावर अर्धवर्तुळाकार तटबंदी होती. ती १८८१ पासून पाडण्यात आली आणि तिच्या रेषेवर 'रिंगे' नावाचा रुंद रस्त्यांचा पट्टा तयार झाला. जुन्या वेशींमधून बाहेर पडणारे रस्ते आजही चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर जातात आणि त्यांच्याही पलीकडे ए-१, ए-३ व ए-४ हे महामार्ग मिळून शहराला बाहेरून वेढा घालतात.

या घडणीचे वाहतुकीवर दोन परिणाम होतात. अर्धवर्तुळ आणि आरे जिथे एकमेकांना छेदतात त्या मोजक्या चौकांवर भार एकवटतो, हा पहिला. दुसरा नदीमुळे होतो. शहरात ऱ्हाइनवर आठ पूल आहेत, पण त्यांपैकी होहेनत्सोलर्न आणि दक्षिण पूल हे रेल्वेचे असल्यामुळे मोटारींसाठी सहाच उरतात. सुमारे ४०० चौरस किलोमीटरच्या आणि दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात एका काठावरून दुसऱ्या काठावर जाणारी प्रत्येक गाडी या सहांपैकी एका पुलावरून जाणार, हे ठरलेले आहे. त्यामुळे प्रतिमानात एखाद्या पुलाच्या तोंडाशी चूक राहिली तर तिचा परिणाम त्या चौकापुरता राहत नाही, तो अर्ध्या शहरात पसरतो.

चार जुळवलेले भाग

पहिला भाग नकाशाचा. तो ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतला होता. स्वयंसेवकांनी भरलेला हा मुक्त नकाशा २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाला. त्यात रस्ता म्हणजे बिंदूंना जोडणारी रेषा असते आणि तो एकेरी आहे का, लेन किती, वेगमर्यादा किती, दर्जा कोणता, हे त्या रेषेला चिकटवलेल्या खुणांमध्ये लिहिलेले असते. दोन रस्ते एकमेकांना मिळतात की एक दुसऱ्याच्या डोक्यावरून जातो, हे त्यांचा एखादा बिंदू सामाईक आहे की नाही यावरून ठरते.

दुसरा भाग गाड्यांच्या चालीचा. त्यासाठी जर्मन अवकाश केंद्राने विकसित केलेले आणि २००१ पासून सर्वांना खुले असलेले 'सुमो' हे सॉफ्टवेअर वापरले. (आपल्याकडे सुमो म्हटले की तालुक्याच्या स्टँडवर माणसे भरून निघणारी जीप आठवते, इथे ते 'सिम्युलेशन ऑफ अर्बन मोबिलिटी' या नावाचे लघुरूप आहे.) सुमोमध्ये प्रत्येक गाडी वेगळी हाकली जाते. पुढची गाडी अचानक थांबली तरी आपण तिला धडकणार नाही असा जास्तीत जास्त वेग दर सेकंदाला काढायचा, त्यात माणसाच्या ढिलाईचा थोडा अंश मिसळायचा आणि तितके अंतर पुढे सरकायचे, असे त्याचे सूत्र आहे. हे सूत्र श्टेफान क्राउस यांनी १९९८ मध्ये कलोन विद्यापीठातल्या प्रबंधात मांडले होते. त्याच विद्यापीठातल्या काई नागेल आणि मिखाएल श्रेकेनबर्ग यांनी १९९२ मध्ये कोंडी विनाकारण कशी उपजते हे दाखवणारे प्रसिद्ध प्रतिमान दिले होते. ज्या शहराच्या विद्यापीठात गाड्यांची ही गणिते घडली, त्याच शहराच्या रस्त्यांवर पुढे त्यांची परीक्षा झाली.

तिसरा भाग मागणीचा, म्हणजे उद्गम-गंतव्य सारणीचा. ती 'टापास' या पद्धतीने तयार केली होती. जर्मनीच्या संघीय सांख्यिकी कार्यालयाने जमवलेल्या, सात हजारांहून अधिक कुटुंबांच्या सुमारे ३०,७०० दैनंदिन नोंदी तिच्या मुळाशी होत्या. माणूस किती वाजता घर सोडतो, कामावर किती वेळ असतो, परतताना बाजारात थांबतो का, अशा नोंदींवरून सवयींचे नमुने काढायचे, ते शहराच्या लोकसंख्येवर बसवायचे आणि घरे, कचेऱ्या, दुकाने यांच्या जागांशी जोडायचे. शेवटी हाती येते ती प्रवासांची लांबलचक यादी : अमुक गाडी, अमुक ठिकाणाहून, अमुक ठिकाणी, अमुक वेळी.

चौथा भाग मार्गवाटपाचा. कुठून कुठे जायचे हे ठरले तरी कोणत्या रस्त्याने जायचे हे ठरायचे असते. त्यासाठी क्रिस्टियन गाव्रोन यांची पद्धत वापरली. तीही १९९८ मधली आणि कलोन विद्यापीठातलीच. तिच्याकडे पुढे येऊ.

कोंडी नेमकी कुठून आली

पहिल्या धावांत, म्हणजे प्रतिमान पहिल्यांदा चालवून पाहिले तेव्हा, जे दिसले ते सुरुवातीला सांगितले आहे. अशा वेळी मोह असा होतो की कोंडी दिसली म्हणजे शहर खरेच भरलेले आहे असे मानायचे आणि नकाशावर लाल पट्टे रंगवून अहवाल द्यायचा. या गटाने तसे केले नाही, हे मला या प्रकरणातले सर्वांत मोलाचे वाटते. कलोनच्या रस्त्यांवर खऱ्या गाड्या रोज धावतात आणि संध्याकाळी घरी पोहोचतात. तेव्हा प्रतिमानातले शहर ठप्प होत असेल तर दोष शहरात नसून प्रतिमानात आहे, असे गृहीत धरून त्यांनी एकेक भाग उलगडायला घेतला.

मागणीचा दोष लवकर सापडला. यादी गरजेपेक्षा जास्त व्यापक होती आणि प्रवास सुटण्याच्या वेळाही झुंडीने येत होत्या. एक साधा हिशेब इथे उपयोगी पडतो. शेवटी जी नोंद तयार झाली तिच्यात २४ तासांत सात लाखांहून अधिक प्रवास आहेत. दिवसाचे सेकंद ८६,४०० धरले तर सरासरीने सेकंदाला आठ गाड्या सुटतात आणि सकाळच्या गर्दीत याहून कितीतरी अधिक. या गाड्या एकाच ठोक्याला, शर्यतीत सोडल्यासारख्या रस्त्यावर आणल्या तर त्यांच्यासाठी जागाच नसते. डायरी लिहिणारा माणूस 'साडेसातला निघालो' असे लिहितो. त्याचा अर्थ तो सात वाजून अठ्ठावीस मिनिटांनीही निघालेला असू शकतो. माणसाच्या लिहिण्यातला हा गोलमाल संगणकाला कळत नाही. यावर उपाय हाच की यादी अभ्यासक्षेत्राला लागेल एवढीच ठेवायची आणि वेळा पसरवायच्या.

मार्गवाटपाचा दोष थोडा खोल होता. सुमोला काहीही न सांगता गाड्या दिल्या तर तो प्रत्येकीला मोकळ्या रस्त्यावरचा सर्वांत कमी वेळेचा मार्ग देतो. तो मार्ग एका गाडीसाठी बरोबर असतो. पण एकाच भागातून निघालेल्या हजारो गाड्यांना तोच मिळाला की पूल एक आणि रांग हजारोंची, असा प्रकार होतो. शेजारचा पूल रिकामा असतो आणि प्रतिमानातला चालक तिकडे पाहतही नाही. खरा चालक दोन दिवस अडकला की तिसऱ्या दिवशी दुसऱ्या पुलाने जातो. गाव्रोन यांच्या पद्धतीत हेच घडवले जाते. प्रत्येक चालकाजवळ काही पर्यायी मार्ग आणि ते निवडण्याच्या शक्यता असतात. सगळा दिवस एकदा चालवायचा, कोणत्या मार्गाला प्रत्यक्षात किती वेळ लागला ते पाहायचे, शक्यता बदलायच्या आणि तोच दिवस पुन्हा चालवायचा. अनेक फेऱ्यांनंतर अशी स्थिती येते की मार्ग बदलून कोणाचाच वेळ वाचत नाही. जॉन ग्लेन वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेला समतोल तो हाच. गंमत अशी की, संगणकाला हा 'एक नेहमीचा दिवस' मिळवण्यासाठी तोच दिवस कित्येक वेळा जगावा लागतो.

आता नकाशा. सर्वाधिक मेहनत इथे लागली आणि या प्रकरणातला शिकण्याजोगा भागही इथेच आहे.

ओपनस्ट्रीटमॅप हा माणसाने पाहण्यासाठी आणि वाट शोधण्यासाठी काढलेला नकाशा आहे. डोळ्याला जे खटकत नाही ते गाडी हाकणाऱ्या गणिताला अडते. मध्ये दुभाजक असलेला रस्ता नकाशात दोन समांतर एकेरी रेषांनी दाखवतात, आणि ते योग्यच आहे. पण असे दोन रस्ते एकमेकांना छेदतात तेव्हा दोन रेषा गुणिले दोन रेषा असे चार छेदबिंदू तयार होतात. पाहणाऱ्याला तो एकच चौक दिसतो. सुमोचे नकाशा रूपांतर करणारे साधन, ज्याला नेटकन्व्हर्ट म्हणतात, मात्र त्यांना चार स्वतंत्र चौक समजू शकते आणि चौघांवर चार स्वतंत्र सिग्नल बसवू शकते.

याचा परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. समजा, दोन बिंदूंमधला आतला तुकडा १५ मीटरचा आहे. सुमोमध्ये साधी मोटार पाच मीटर लांबीची आणि दोन गाड्यांमधले किमान अंतर अडीच मीटर धरलेले असते, म्हणजे थांबलेल्या एका गाडीला साडेसात मीटर लागतात आणि त्या तुकड्यात एका लेनमध्ये दोनच गाड्या मावतात. बाहेरचा सिग्नल ३० सेकंद हिरवा झाला तर एरवी एका लेनमधून सुमारे १५ गाड्या निघून जातात. इथे मात्र आतला सिग्नल त्याच वेळी लाल असेल तर दोन गाड्या आत शिरतात आणि तिसरी हिरवा दिवा समोर असूनही रेषेवर थांबते, कारण चौक अडवून ठेवायचा नाही हा नियम सुमोतले चालक निमूटपणे पाळतात. सिग्नलचे आवर्तन ९० सेकंदांचे धरले तर तासाला ४० आवर्तने होतात. जिथून तासाला ६०० गाड्या जायला हव्यात तिथून वेळांचा मेळ अगदीच बिघडला असेल तर ८० जातात. उरलेल्यांची रांग मागे वाढते आणि एका किलोमीटरच्या लेनमध्ये जेमतेम १३३ गाड्या मावत असल्यामुळे ती लवकरच मागच्या चौकापर्यंत पोहोचते. त्या चौकाची रांग त्याच्या मागच्यापर्यंत जाते. शेवटी चार रस्त्यांचे एक वेटोळे पूर्ण होते, ज्यात प्रत्येक जण पुढच्याने हलायची वाट पाहतो आणि सर्वांत पुढचा सर्वांत मागच्याची. कलोनच्या रिंगवर असे वेटोळे पडायला मोजके चौक पुरतात.

चौक जोडण्याचा आदेश नेटकन्व्हर्टमध्ये आहे. जवळजवळचे बिंदू तो एकत्र करतो. पण तो डोळे मिटून वापरला तर शेजारचे खरोखरच वेगळे असलेले चौकही चिकटून बसतात, म्हणून शेवटी माणसाने तपासणे आलेच. हीच गोष्ट लेनच्या संख्येची. ज्या रेषेला लेनची खूण नाही तिच्यासाठी रस्त्याच्या दर्जावरून ठरावीक अंदाज घेतला जातो. प्रत्यक्षात चौकाजवळ रस्ता रुंदावतो, वळणाऱ्यांसाठी वेगळी लेन निघते. नकाशात मात्र रस्ता शेवटपर्यंत एकाच रुंदीचा राहतो. मग सरळ जाणारा वळणाऱ्याच्या मागे ताटकळतो. कुठे वळणबंदीची खूण चुकीची असते, कुठे ती रूपांतरात हरवते, कुठे ज्या लेनमधून वळता यायला हवे तिथली जोडणीच तयार होत नाही. असे दोष नकाशावर शोधून, खरी रचना पाहून, हाताने दुरुस्त करावे लागतात. चारशे चौरस किलोमीटरच्या शहरात हे काम किती चिवट असेल, हे एखाद्या पेठेचा नकाशा साफ करून पाहिलेल्या माणसाला सहज समजेल.

इथे एका सोयीबद्दल सावध करणे भाग आहे. सुमोमध्ये ३०० सेकंद अडकून पडलेली गाडी उचलून मार्गावर पुढे नेऊन ठेवण्याची व्यवस्था मुळातच चालू असते. कोंडीचे वेटोळे कायमचे बसू नये म्हणून ती ठेवली आहे. तिच्यामुळे धाव पूर्ण होते, आलेख निघतात, आणि गाड्या वेळेवर पोहोचल्याचा भास होतो. नवशिक्याचे प्रतिमान बहुधा याच दाराने निसटते. माझ्या मते धाव संपल्यावर सरासरी वेग पाहण्याआधी किती गाड्या अशा उचलल्या गेल्या हा आकडा पाहावा. तो मोठा असेल तर बाकीचे आकडे वाचण्यात वेळ घालवू नये.

दुरुस्तीनंतरचे शहर आणि त्याची पडताळणी

मागणी, मार्ग आणि नकाशा यांची दुरुस्ती एकत्र झाली तेव्हा शहर चालू लागले. गर्दीच्या वेळी गाड्यांचा आकडा चढू लागला आणि ती वेळ टळल्यावर उतरू लागला. यातला एकच भाग सुधारून भागत नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवे. नकाशा दुरुस्त केला पण मार्ग जुनेच ठेवले तर पूल अडतात. मार्ग सुधारले पण चौक तुटलेलेच ठेवले तर मार्गवाटपाची पद्धत त्या तुटलेल्या चौकांना टाळायला शिकते आणि गाड्या गल्लीबोळांतून हाकू लागते. या दुसऱ्या प्रकारात नकाशातली चूक चालकांच्या निवडीच्या मागे दडून बसते आणि तो दोष हुडकणे अधिक कठीण असते.

निकालाची तुलना त्या वेळच्या प्रत्यक्ष वाहतूक-स्थितीच्या नकाशांशी केली गेली. कोणते रस्ते कोणत्या वेळी मंदावतात याचा मेळ पाहणारी ही तुलना गुणात्मक स्वरूपाची होती. बिनतारी संपर्काच्या अभ्यासासाठी ती पुरेशी म्हणता येईल. याच प्रतिमानावरून उड्डाणपूल कुठे बांधायचा हे ठरवायचे असते तर ती मला अपुरी वाटली असती. तिथे रस्त्यावर मोजलेल्या गाड्या आणि प्रतिमानातल्या गाड्या चौकाचौकाला ताडून पाहाव्या लागतात. त्यासाठी लंडनमधले वाहतूक नियोजक जेफ्री हॅवर्स यांच्या नावाने ओळखले जाणारे जीईएच हे माप सर्रास वापरतात : दोन आकड्यांतल्या फरकाचा वर्ग दुप्पट करायचा, त्याला त्यांच्या बेरजेने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. प्रतिमानात तासाला १,००० गाड्या आणि प्रत्यक्षात ८५० असतील तर उत्तर ४.९ येते. पाचाच्या आत असल्यामुळे ते चालते, पण अगदी काठावर. मोठ्या रस्त्यावर दीडशेची चूक खपते, गल्लीत खपत नाही, ही व्यवहारातली समज या मापात आहे.

या नोंदीच्या मर्यादाही तिच्या जन्मातूनच येतात. ती मोटारींची आहे. कलोनमध्ये ट्राम रस्त्यात मिसळून धावतात, मालाचे ट्रक आहेत, सायकली आहेत, चौकात पायी चालणारे आहेत. मोटारींच्या नोंदीत हे सगळे नाही. शिवाय ती कामाच्या एका नेहमीच्या दिवसाची आहे. कार्निव्हलच्या सोमवारी जेव्हा मिरवणुकीसाठी अख्खे गाव रस्त्यावर उतरते, तेव्हा ही नोंद तितकीच उपयोगाची जितका पुण्यात अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्याचा एरवीचा वाहन-गणनेचा तक्ता.

कामाचे चीज

तयार झालेली नोंद दिसायला अगदी रूक्ष आहे. प्रत्येक ओळीत वेळ, गाडीचा क्रमांक, मीटरमधले दोन निर्देशांक आणि दर सेकंदाला किती मीटर हा वेग. अशा ओळींवर ओळी. तिच्यावरून गटाने जो निष्कर्ष काढला तो त्यांच्या क्षेत्राला झोंबणारा होता. वाहतुकीचे अपुरे चित्र घेतले तर गाड्यांमधले बिनतारी जाळे प्रत्यक्षाहून अधिक घट्ट जोडलेले दिसते आणि संदेश पोहोचवण्याच्या पद्धती आहेत त्यापेक्षा चांगल्या वाटतात.

याचा नकाशाशी थेट संबंध आहे. संदेश गाडीवरून गाडीवर उड्या मारत जातो. खोट्या कोंडीत गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात, म्हणजे उडी मारायला पुढची गाडी नेहमीच हाताशी असते. चौक नीट चालू लागला की गाड्या झुंडीने सुटतात, मध्ये मोकळा पट्टा पडतो आणि संदेश त्या पट्ट्याच्या काठावर थांबतो. म्हणजे एका चौकातले चार बिंदू एक न केल्यामुळे दूरसंचाराच्या एखाद्या पद्धतीला गुण जास्त मिळू शकतात, आणि गुण देणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

आपल्या रस्त्यांवर हे करताना

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सुमो आणि ओपनस्ट्रीटमॅप घेऊन प्रकल्प करणे आता अवघड राहिलेले नाही. दोन्ही फुकट आहेत आणि शहराचा तुकडा काही मिनिटांत उतरवता येतो. कलोनची रीत मात्र जशीच्या तशी उचलता येत नाही. डावीकडून वाहतूक चालवण्याचा पर्याय द्यावा लागतो, ही किरकोळ बाब. खरी अडचण लेनची आहे. क्राउस यांचे सूत्र एका लेनमध्ये एकामागून एक चालणाऱ्या गाड्या गृहीत धरते. आपल्याकडे सिग्नलला दुचाक्या मोटारींच्या फटींतून पाझरत पुढे येतात आणि हिरवा होताच घोळक्याने सुटतात. सुमोमध्ये एका लेनचे उभे पट्टे पाडून गाड्यांना आडवे सरकू देण्याची सोय आहे. ती वापरली नाही तर प्रत्येक स्कूटर मोटारीइतकी लेन अडवते आणि पुन्हा तीच खोटी कोंडी उभी राहते, फक्त कारण वेगळे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९९० च्या मार्गदर्शक सूचनांत दुचाकीला मोटारीच्या तुलनेत ०.५ वजन दिले आहे आणि दुचाक्यांचे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले की ०.७५. हे वजन रस्त्याची क्षमता कागदावर काढायला उपयोगी आहे. एकेक गाडी हाकणाऱ्या प्रतिमानात त्याने भागत नाही. मागणीची यादी आपल्याकडे बहुधा शहराच्या सर्वंकष वाहतूक आराखड्यासाठी केलेल्या घरोघरच्या पाहणीतून येते, आणि तिथेही उत्तर देणारा 'नऊला निघतो' असेच सांगतो.

नकाशाच्या दोषासाठी पुण्यातला नळ स्टॉप चौक नमुना म्हणून घ्यावा. तिथे जमिनीवर कर्वे रस्ता आहे, त्यावर उड्डाणपूल, त्याहीवर मेट्रोचा मार्ग, आणि खाली लॉ कॉलेज रस्ता येऊन मिळतो. वरून पाहणाऱ्या नकाशात या सगळ्या रेषा जवळजवळ एकावर एक पडतात आणि त्यांच्यातला फरक पुलाच्या आणि थराच्या खुणांनी, तसेच बिंदू सामाईक नसल्याने राखला जातो. कोणी हौशी संपादकाने रेषा नीट जुळावी म्हणून उड्डाणपुलाचा एखादा बिंदू खालच्या लॉ कॉलेज रस्त्याच्या टोकाशी जोडून टाकला, तर पडद्यावर तिळमात्र फरक दिसणार नाही. संगणकातल्या पुण्यात मात्र उड्डाणपुलाच्या माथ्यावर सिग्नल उभा राहील आणि कोथरूडहून डेक्कनकडे निघालेली गाडी पुलावरूनच डावीकडे वळून थेट लॉ कॉलेज रस्त्याला लागेल.